पांढऱ्या सूटमधला मी

बोईसरच्या आमच्या साइटवर चहाच्या टपरीशी उभं राहिलं की किस्से आपोआप साठत जातात. माझे सगळे मात्र फिरून फिरून नीलेशवरच येतात. बायको म्हणते, "तुमी जळताव त्याच्यावर." जळतो. का जळू नये?

*

आमची जागा आधी रंगाच्या कारखान्याची. खणली की माती गुलाबी निघायची. ती विषारी माती बाहेर काढायचं काम माझ्याकडे. सेफ्टी सूट आले तेही माझ्यासारखे दोन मावतील एवढे. मी सातपाटीचा, घरचा धंदा मासेमारीचा. घरून जाळ्याची निळी दोरी आणली आणि कमरेला आवळली. सुपरवायझर म्हणाला, "जयवंत, मासे धरायला चाललास काय?"

बूट घालूनही पाय रंगायचेच. साबणाने घासून दमलो. आई म्हणायची, "पायाला मेंदी काडलीस काय रं?"

*

काम संपलं आणि नीलेश आला. ग्रीन बिल्डिंगवाला, कडक इस्त्रीचा. मागोमाग साहेबही नवे आले. इमारतीच्या ग्रीन सर्टिफिकेटला नेमका एक पॉइंट कमी पडत होता. नीलेशने लॅपटॉपवर बसून शोधून काढलं, की जागेवरची विषारी घाण आधीच साफ केलेली असली तरी तिचा पॉइंट मिळतो. साहेबांनी भर मीटिंगमध्ये त्याला मिठी मारली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जयवंत, जरा एसी वाढव."

घाण काढली मी, मिठी त्याला!

*

सफाईचा फोटो हवा होता. माझाच निघाला. पांढरा सूट, तोंडावर मास्क, कमरेला निळी दोरी, हातात फावडं. तो मोठा करून लॉबीत लावला. साहेबांनी विचारलं, "नीलेश, हा तूच ना?"

नीलेश नुसता हसला. "मी नाही" असं काही म्हणाला नाही.

त्या दिवशी माझा डबा तसाच घरी गेला. त्यात बोंबलाची चटणी होती, तरी. बायकोने विचारलं, "मग तुमी का नाय बोललाव?" मी का बोलायचं? त्याने बोलायला नको?

*

उद्घाटनाला सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. माझी आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली. पूजा झाली, झेंडूचा एक हार उरला. साहेब रंगात आले होते. म्हणाले, "ह्या फोटोमुळे पॉइंट मिळाला. नीलेश, तुझ्याच हाताने घाल त्याला हार."

नीलेश स्टुलावर चढला. त्याची बायको खालून घाबरून म्हणाली, "अहो, जिवंतपणी स्वतःच्या फोटोला हार?"

नीलेशचा हात तसाच वर राहिला. मग म्हणाला, "सर, हा मी नाही. हा जयवंत आहे."

अख्खी लॉबी माझ्याकडे वळली. साहेबांनी विचारलं, "जयवंत, खरंच हा तू?"

आईने फोटोतली निळी दोरी ओळखली होती. माझा दंड घट्ट धरून ती पुटपुटली, "नाय म्हन. नाय म्हन रं, बाला."

मी म्हणालो, "हो सर, मीच. घालू दे त्याला हार."