टोपीवरची फुलं

लग्नघराच्या मागच्या पडवीत लिडिया भिंगारदिवे सुई-दोरा घेऊन बसली होती. नवरीच्या केसांतली कापडी फुलांची वेणी ऐनवेळी सैल झाली तर टाका घालायला तिला मुद्दाम बोलावलं होतं. आतून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. तो एकदम थांबला.

नुकतंच युद्ध संपलं होतं. नगरच्या छावणीतले गोरे साहेब बिऱ्हाडं आवरून विलायतेला निघाले होते. लिडिया तिथल्याच एका बंगल्यात आया होती. मडमेनं जाताना आपल्या जुन्या टोप्या तिला देऊन टाकल्या. टोप्यांचा तिला उपयोग नव्हता, पण त्यांवरची रेशमी कापडाची फुलं तिनं हलक्या हातानं उसवली, धुतली, भाताच्या पेजेत बुडवून वाळवली. गरम चमच्यानं पाकळ्या वळवून ती पट्टीवर शिवली, तशी सुरेख वेणी झाली. त्या वर्षी पाण्यावाचून फुलांचे मळे जळाले होते. बघता बघता छावणीलगतच्या भिंगारच्या बायका तिच्या दारात येऊ लागल्या. नवरा गेल्यापासून ‘योसेफची विधवा’ म्हणून ओळखली जाणारी ती आता ‘फुलंवाली लिडिया’ झाली होती.

नवरीची आई अंबिकाबाई पडवीच्या दारात आल्या. त्यांच्या हातात वेणी होती. घाईनं काढल्यामुळे तिच्यात पोरीचे केस अडकले होते.

“लिडिया, बनुवन्सं म्हणतात, ही तुमच्या कबरस्तानातली फुलं आहेत. थडग्यांवर वाहिलेली.”

“न्हाई बाई. मडमेच्या टोपीवरची हायेत.”

अंबिकाबाईंच्या मागे त्यांची नणंद बनुबाई उभी होती. “तसं शपथेवर सांग,” ती म्हणाली. “शुभकार्य आहे आमच्या घरी.”

शपथ घेणं सोपं होतं. थडग्यावरचं एकही फूल त्यात नव्हतं. पण वेणीतली गुलाबी फुलं उन्हाळी टोपीवरची होती आणि मधली पांढरी एका काळ्या टोपीवरची. मडमेचा मुलगा ब्रह्मदेशात लढाईत पडला, तेव्हा चर्चमध्ये प्रार्थनेला जाताना तिनं ती घातली होती. लिडियानंच ती तिच्या डोक्यावर नीट बसवून दिली होती. हे इथं कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि मडम तर समुद्रापार गेली होती.

बाहेरून भटजींची हाक आली, “मुलीला आणा.”

अंबिकाबाई तिच्याकडे एकटक बघत होत्या.

“थडग्यावरची न्हाईत,” ती म्हणाली. “पन ही पांढरी दुखवट्याच्या टोपीवरची हायेत. मडमेचा ल्योक गेला तवा तिनं घातल्याली. मला वाटलं, कापडाला काय कळतंय. पर तुमाला आधी सांगाया पायजे हुतं.”

“ऐकलंत वहिनी?” बनुबाई म्हणाली. “आता तिच्या हातचं काही नको.”

लिडियानं वेणी मागून घेतली. कातरीनं पांढरी फुलं कापून ओच्यात टाकली. “गुलाबी तेवढी ठिवते. नगं असंल तर तसं सांगा, मी उठते.”

तिनं सुईत दोरा ओवायला घेतला. भटजींनी पुन्हा हाक दिली. लिडियाच्या बोटात सुई टोचली. फुलाला डाग पडू नये म्हणून तिनं बोट पटकन लुगड्याला पुसलं.

“शीव,” अंबिकाबाई शेवटी म्हणाल्या. “मी थांबते.”

“वहिनी!”

“वन्सं, तिनं नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर आपल्याला काय कळणार होतं?”

तीच विरळ झालेली वेणी घालून नवरी बोहल्यावर गेली. अक्षता पडल्याचा गलका ऐकून लिडिया मागच्या बोळानं घरी निघाली. जेवायला थांबायचा धीर तिला झाला नाही.

गोष्ट गावभर झाली. पुढचे कित्येक दिवस तिच्याकडे कोणी फिरकलं नाही. मिशनच्या दवाखान्यात चादरी धुऊन तिनं पोट भरलं. श्रावणात मंगळागौरीला अंबिकाबाईंची लेक माहेरी आली, तेव्हा आईला घेऊन ती स्वतः लिडियाच्या दारात उभी राहिली. तिला केसांत लावायचे आकडे हवे होते, फुलांचे. जोडीला दोन मैत्रिणीही होत्या.

लिडियानं पेटी उघडली. एकेक फूल हातात देताना ते कुठलं, कोणी घातलेलं, हे ती सांगत गेली. एका मैत्रिणीनं हातातलं फूल गुपचूप परत ठेवलं. बाकीच्या दोघी बराच वेळ निवडत बसल्या.