पेट्यांची मुदत

राज्याच्या सीमेपलीकडच्या संत्रा संघात सामील व्हायचं आमच्या सौंसरच्या सोसायटीनं ठरवलं, तेव्हा मी सोसायटीची सचिव होते. संघाकडे शीतगृह होतं, फळाला मेण लावायचं यंत्र होतं, परदेशातलं गिऱ्हाईक होतं. आमच्याकडे संत्री होती आणि प्रत्येकाचं वेगळं मत होतं. संघाच्या बाकीच्या अटी चालण्यासारख्या होत्या, एकच घशात अडकली. कोणत्याही सभासद सोसायटीनं आपल्या गावच्या उद्योगाला काम राखून ठेवायचं नाही. सगळी खरेदी खुल्या बाजारातून करायची.

आमच्या सगळ्या पेट्या बोरगावहून यायच्या, माझ्या मोठ्या भावाच्या कारखान्यातून. कारखाना म्हणजे टिनाचं शेड, एक करवत आणि खिळे ठोकणारी पंधरा माणसं. अट लागू झाली की पलीकडून पुठ्ठ्याची स्वस्त खोकी येणार आणि दादाच्या शेडला कुलूप लागणार. तो माझा भाऊ आहे हे मी सभेत आधीच सांगून टाकलं होतं. सभेनं तरीही एकमतानं ठरवलं, लाकडी पेट्यांसाठी चार वर्षांची मुदत मागायची.

संघाच्या लोकांशी पहिली बोलणी आम्ही आमच्या अध्यक्षांच्या घरी ठेवली, आणि तिथंच फसलो. मी फाईल उघडायच्या आत त्यांनी पानं वाढायला लावली. पाटोडीचा रस्सा, पोळ्या, वर संत्र्याची बर्फी. आपल्या घरी जेवलेल्या पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणं आमच्याकडे कोणालाच जमत नाही. पाहुणे एकेक अट वाचत गेले आणि अध्यक्ष प्रत्येकीला "हो ना जी, काहून नाही" म्हणत राहिले. पेट्यांची अट आली तशी मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. त्यांनी मलाच विचारलं, "काही पायजे का बाई?"

पाहुण्यांची गाडी वळल्याबरोबर माझा तोल गेला. "अख्खी सोसायटी रश्श्यात बुडवली तुम्ही!" मी ओरडले. अध्यक्ष बिचारे खजील झाले. "घरी आलेल्या मानसाले नाही कसं म्हनू बाई? तोंडच उघडत नाही." सह्या तेवढ्या व्हायच्या होत्या, हेच नशीब.

काकू, म्हणजे अध्यक्षांची बायको, ताटं उचलत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मंग आता तुमी जा ना त्यायच्या घरी. तेबी आपल्यासारखेच मानसं हायेत. त्यायलेबी नाही म्हनता येनार नाही."

महिन्याभरानं आम्ही गेलो. संघाच्या प्रमुखांच्या घरी पुरणपोळीचा बेत होता. जेवण होईस्तोवर मी फाईलला हात लावला नाही. आग्रहाची एकही पोळी परतवली नाही. चौथी पोळी तर मी केवळ दादासाठी खाल्ली. मग हात धुऊन आले आणि म्हणाले, लाकडी पेट्यांना चार वर्षं द्या, तेवढ्यात आमचा माणूस पुठ्ठ्याकडे वळेल. प्रमुखांनी आधी फाईलकडे पाहिलं, मग माझ्या रिकाम्या ताटाकडे, आणि मोठ्यानं हसले. "आमच्याच घरी जेवून आमालेच धरून राहिल्या तुमी," ते म्हणाले. चार वर्षांची मुदत त्यांनी करारात स्वतःच्या हातानं लिहिली. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या.

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली आणि मला रडू कोसळलं. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. अध्यक्ष मुद्दाम दुसरीकडे बघत बसले.

मी घरी न जाता थेट बोरगाव गाठलं. दादा करवतीला धार लावत होता. मी सगळं सांगितलं, पोळ्यांसकट. तो ऐकता ऐकता हसला.

"चार वर्स लई झाले वं," तो म्हणाला. "पुठ्ठ्याची मशीन मी पाहून ठेवली हाये. सारे मानसं तिच्यावर कामाले लागतात. मले एकच वर्स पुरलं असतं."

"मग बोलला काहून नाही?" मी चिडले.

"तू इतके महिने माह्यासाठी भांडून राहिली. मले काय पायजे, हे इचारलं का कधी?"

नव्हतं विचारलं. मी पर्स बाजूला ठेवली, फळ्यांच्या ढिगावर त्याच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "सांग."