जावयानं आणलेला प्लग

सासऱ्यांच्या घरी मी घरजावई म्हणून राहिलो. तिथं खाल्लेल्या प्रत्येक भाकरीचं मला ओझं वाटायचं, आणि भाकरी कधी नुसती नसायची, तिच्यावर तूप असायचं. दिंद्रुडकडच्या त्या गावात जावयाला काम सांगणं म्हणजे सासऱ्याच्या अब्रूला बट्टा. मी पाण्याचा तांब्या उचलला तरी दोन माणसं धावत यायची. माझं मागणं एकच होतं : या घरात एकदा तरी माझ्या हातून उपयोगाचं काम व्हावं.

ती संधी इंजिनानं दिली. निजामाच्या अमलातले दिवस ते. आसपासच्या गावांत विहिरीवर इंजिन बसवणारे सासरे पहिलेच. इंजिन पेट्रोलवर सुरू व्हायचं, मग राकेलवर चालायचं. ऊस पाणी प्यायचा आणि गाव विहिरीच्या काठावर बसून बघायचं. भर उन्हाळ्यात त्याचा प्लग गेला. प्लग म्हणजे इंजिनाच्या डोक्यात आटे फिरवून बसवायची बोटभर वस्तू, तिच्या टोकाशी ठिणगी पडते. त्याची चिनीमाती तडकली होती.

"मी बीडहून नवा आणतो," मी म्हणालो.

"जावईबापू, तुमी कावून तरास घेता?" सासरे म्हणाले. "माणूस धाडतो की."

मी हट्ट धरला. जावयाचा हट्ट मोडायचा नाही, हाही रिवाजच.

निघताना मी जुना प्लग कोटाच्या खिशात टाकला. नमुना बरोबर असावा एवढी अक्कल मला होती. सासूबाईंनी दारातच तो बाहेर काढला. "अगं बाई, जावयाच्या खिशात काजळी? बीडात लोक आमाला काय म्हंतील!" प्लगच्या जागी त्यांनी शेंगदाण्याचे लाडू ठेवले. मी काही बोललो नाही. न बोलणं हा माझा त्या घरातला मुख्य धंदा होता.

बीडच्या दुकानदारानं दोन प्लग पुढे ठेवले. जाडी सारखी, आटे सारखे. फक्त एकाचा आट्यांचा भाग आखूड, दुसऱ्याचा लांब.

"पुराना लाए क्या साब?"

मी खिशात हात घातला. लाडू लागला. "नहीं."

"इंजन किसका है?"

"हमारे ससुरे का."

"तो फिर बडावाला लेव ना! दामाद होके छोटा लेके जाते क्या?"

हे यंत्रशास्त्र मला तिथल्या तिथं पटलं.

परत आलो तेव्हा विहिरीवर अर्धं गाव जमलं होतं. सालगड्यानं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्यानं, जुना आणि नवा प्लग तळहातावर शेजारी ठेवले. नवा चांगलाच लांब होता. गड्यानं सासऱ्यांकडे बघितलं, सासऱ्यांनी आभाळाकडे.

"जरा लांब हाय," गडी म्हणाला.

"लांब असंल तर ठिणगी लांबवर जाईल," सासरे म्हणाले. "जावयानं आणलंय. इचार करूनच आणलं असंल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. फरक मलाही दिसत होता. मीही मान डोलावली.

प्लग आत झकास बसला. नारळ फुटला. हँडल मारायचा मान अर्थातच जावयाचा. अर्धा फेरा झाला आणि हँडल अडलं.

"दाजी, अडकतंय," गडी म्हणाला.

इंजिन जडच असायचं, असं मी स्वतःला समजावलं आणि तुपाचं सगळं बळ एकदम लावलं. आत काहीतरी टक्कन लागलं, मग फुटलं. प्लगचं लांब टोक आत वरखाली होणाऱ्या दट्ट्याच्या, म्हणजे पिस्टनच्या, वाटेत आलं होतं. दट्ट्या गेला.

गड्यानं फुटलेल्या नारळाचे तुकडे गोळा करायला घेतले.

"आवाज मातर लई खणखणीत आला," सासरे शेवटी म्हणाले.

जेवणात पुरणपोळी ठरलेली होती, ती झालीच. तूप नेहमीपेक्षा जास्त होतं. कुणीतरी थोबाडीत मारली असती तर मला दोन घास अधिक गेले असते.

विहिरीवर पुन्हा मोट लागली. गडी भर उन्हात बैल उतारावरून खालीवर करायचा आणि मी बाभळीखाली बसून त्याला माझा पश्चात्ताप ऐकवायचो. त्याला एक बैलाचं काम होतं, दुसरं माझं. एका दुपारी मी पुन्हा म्हणालो, "चूक माझीच होती."

त्यानं घाम पुसला. "मग कावून बे, डोळे फुटलते का तुझे? समोर दिसत व्हतं की लांब हाय म्हणून!"

आणि जीभ चावली. पाठीमागं बांधावर सासरे उभे होते.

"कोणाला बे म्हणला रे?"

गड्याचा चेहरा उतरला. त्याचं साल तिथंच मोडलं असतं.

"बैलाला म्हणाला, मामा," मी म्हणालो.

सासऱ्यांनी बैलाकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे.

"बराबर हाय," ते म्हणाले. "कुणीतरी म्हणायलाच पायजे व्हतं त्याला."

आणि बांधावरून निघून गेले. त्यांनी माणूस हाक मारून बोलावला नाही, मला सावलीत बसा म्हणाले नाहीत.

मी उठून मोटेपाशी गेलो. गडी क्षणभर घुटमळला, मग त्यानं कासरा माझ्या हातात दिला.

"धर," तो म्हणाला. "आन् अडलं की जोर लावू नको. आधी बघ, कावून अडलं ते."