सुगंधाबाईंचा राक्षस

आमच्या गावाचं नाव सांगत नाही. वालावलच्या खाडीपलीकडे आहे, एवढं पुरे. गावातल्या माणसांना पुस्तक वाचायची सवय नाही, पण पुस्तकात स्वतःला शोधायची आहे. आणि मला अजून अधूनमधून माहेरी जावं लागतं.

सुगंधाबाई शिरोड्याहून आमच्या शाळेवर आल्या त्या १९५८च्या जूनमध्ये. तिशी उलटलेली, लग्न न झालेलं आणि त्याची खंत अजिबात नाही. गावातल्या बायकांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "वेळ मिळाला नाही." वेळ कुठे जात होता ते आम्हा सातवीच्या मुलांना लवकरच कळलं. जुन्या हजेरीवहीच्या कोऱ्या पानांवर बाई मुलांसाठी कादंबरी लिहीत होत्या आणि दर शनिवारी आम्हाला एकेक प्रकरण वाचून दाखवत.

गोष्टींतल्या दुष्टांनाही मुलं असतात आणि ती तेरा-चौदा वर्षांची झाली की त्यांचे फार हाल होतात, असं त्या कादंबरीचं म्हणणं होतं. राक्षसाची मुलगी दंतुरा जेवायला बसली की बाप विचारायचा, "आज कोणाला छळलंस?" बिचारी रोज काहीतरी खोटं रचून सांगायची. चेटकिणीचा मुलगा उलट्या, त्याची पावलं मागे वळलेली, त्यामुळे शाळेला निघाला की घरीच पोचायचा. सगळ्या आईबापांचा एकच धोशा, घराण्याचा धंदा पुढे चालवा. आम्ही पोट धरधरून हसायचो. हसत नव्हती फक्त जानकी. ती वर्गात पहिली यायची आणि दंतुरेचं प्रकरण असलं की मान खाली घालून ऐकायची.

बाईंनी एकच चूक केली. मोठ्या पापांनी मुलं घाबरतील म्हणून त्यांनी दुष्टांना बारीकसारीक पापं दिली. चेटकीण दुधात पाणी घालायची. राक्षस शेजाऱ्याच्या परड्याचं कुंपण सरकवायचा. बस्स! पोरांनी घरी जाऊन गोष्ट सांगितली आणि आठ दिवसांत गावात तीन चेटकिणी रुसून बसल्या. काशीबाईने तर बाईंचं दूधच बंद केलं. अहो, तिच्यावर कोणी बोट दाखवलं नव्हतं. पण स्वतःचं पाप माणसाला लांबूनही ओळखू येतं.

राक्षस एकच निघाला, पण भारी निघाला. बाबू गावकर, देवळाचा मानकरी आणि जानकीचा बाप. पहिला नारळ त्याचा, पहिला शब्द त्याचा आणि शेवटचाही त्याचाच. त्याने जानकीला शाळेतून काढून घरी बसवलं. सातवीची फायनल दोन महिन्यांवर आली होती. बाई त्याच्या घरासमोरच्या खळ्यात जाऊन उभ्या राहिल्या, "मला शिक्षा करा, मुलीला का?" म्हणाल्या. बाबूने पानाची पिंक टाकली आणि सांगितलं, "देवाकच इचारूया. तुम्ही माझ्यार खोटो आळ घातलात, असा देवान सांगल्यान तर वही खाडीत आणि चेडू घरात. नाय सांगल्यान, तर जांव्‌दे परीक्षेक."

देव आपल्याच घरचा, असं त्याला वाटत असणार.

आमच्याकडे भांडणाचा निकाल कौलाने होतो. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवीकडची कळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. मात्र देवापुढे गाऱ्हाणं मोघम घालून चालत नाही. सगळं नावनिशीवार सांगावं लागतं, नाहीतर देवाने उत्तर तरी कशाचं द्यावं? म्हणून बाबूने आदल्या दिवशी लवू गुरवाला सगळं नीट पढवून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी सारा गाव देवळात जमला. लवूने कळ्या लावल्या आणि खणखणीत आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! ह्या बाईन गोष्टीत राकस घातल्यान. त्या राकसान शिवाच्या कुणग्यातलो बांध दोन हात आत सरकवलो..."

"व्हय म्हाराजा!" गाव सवयीने ओरडला.

"दोन हात?" मागून बाबूचा शेतशेजारी शिवा उठून उभा राहिला. "आवशीक खांव! माका एकच हात वाटलो होतो!"

बाईंच्या वहीत ना शिवा होता, ना त्याचा भाताचा कुणगा, ना हात. बाईंना तर गावातला एकही बांध माहीत नव्हता. सगळ्या माना बाबूकडे वळल्या आणि लवूला पुढचं गाऱ्हाणं पुटपुटत उरकावं लागलं. आळ खोटो आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी.

कळी डावी पडली. बाबू म्हणाला, पाणी जास्त झालं. पुन्हा लावली. पुन्हा डावी.

सोमवारी जानकी शाळेत आली. त्या खुशीत बाईंनी शनिवारची वाट न पाहता शेवटचं प्रकरण वाचलं. दंतुरा सात समुद्र ओलांडून अशा शहरात जाते, जिथे तिच्या बापाचं नाव कोणालाच ठाऊक नाही, आणि तिथे सुखी होते. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"बाई," जानकी उठली, "ता चेडू पळान गेला, तर कुंपण मागे कोण सारतलो?"

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी ते पान फाडलं. जानकी मात्र थांबली नाही. दप्तर तिथेच टाकून ती घरी गेली, लोखंडी पारय घेतली आणि कुणग्यात उतरून बांधाचे दगड उपसू लागली. शिवा धावत आला तो तिला थांबवायला. "गो बाय, रवांदे! तुझो बापूस माका जगाक देवचो नाय!" देवळात गळा फाडून ओरडलेला सारा गाव पाण्याच्या व्हाळापलीकडे उभा राहून बघत होता. मीही त्यांतच होते आणि त्याची मला आजही लाज वाटते. बाबू आला. पण दोनदा डावा कौल मिळालेल्या माणसाला सगळ्यांदेखत तिला अडवता येईना. तेवढ्यात बाईंनी पदर खोचला, चिखलात उतरल्या आणि जानकीने उपसलेला दगड उचलून दोन हात मागे नेऊन ठेवला. संध्याकाळपर्यंत बांध जागेवर गेला.

बदलीचं पत्र परीक्षेच्या आठवड्यात आलं. खाली तक्रार जोडलेली होती: सदर शिक्षिका शाळेच्या वेळेत दगड वाहतात. बाबूने आयुष्यात केलेली ही एकमेव खरी तक्रार असावी. बाईंनी ती दोनदा वाचली आणि "आरोप मान्य" असं लिहून सही केली. मग छत्री घेतली आणि जानकीला पेपराला सोडायला कुडाळला निघाल्या.