दोन ‘कॉ’

तात्पुरतेकाकांचं खरं आडनाव इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही, पण ते वापरायची वेळ येत नसे. घरात काही बिघडलं की काका स्क्रूड्रायव्हर घेऊन बसत, तासा-दोन तासांनी घाम पुसत उठत आणि जाहीर करत, “तात्पुरतं केलंय.” म्हणून तात्पुरते. ते तात्पुरतं मग दहा-दहा, बारा-बारा वर्षं टिकायचं. गिझर टिकला, दारावरची बेल टिकली, वॉशिंग मशीन टिकलं. प्रत्येकाच्या अंगावर कुठे ना कुठे काकांची काळी टेप गुंडाळलेली असे, आणि लोक नातवंडांचे फोटो दाखवतात तशी काका पाहुण्यांना ती टेप दाखवत.

पेशाने काका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकून. विजेशी त्यांचा संबंध डोक्यावरच्या पंख्यापुरता. पण लग्नाला वर्षही झालं नसेल, त्यांनी बायकोला बजावलं होतं की या घरात मेकॅनिकचं पाऊल पडणार नाही. मेकॅनिक ही जात लबाड, पाच मिनिटांचं काम अर्धा दिवस पुरवणार, असं त्यांचं मत होतं. आणि मत एकदा बनलं की काका त्याची फाईल बंद करून टाकत. कचेरीत त्यांना कुत्रं विचारत नव्हतं. बढती दोनदा हुकली, साहेब त्यांना शेवटपर्यंत दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने हाक मारत राहिले. पण घरात आजवर मेकॅनिक आला नाही, या एका गोष्टीवर काका मान ताठ ठेवून जगले.

आठ महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले आणि काय झालं कोण जाणे, त्यांचा हातच गेला. दुरुस्त केलेलं काही टिकेना. मिक्सरने दोन दिवसांत मान टाकली, टेबललॅम्पने तासाभरात. काकांनी वयाला दोष दिला आणि चष्म्याचा नंबर बदलून आणला. बायको एकदा मिक्सरकडे बघायची, एकदा नवऱ्याकडे, आणि विचारायची, “अहो, तुम्ही दुपारचे जरा कुठे बाहेर का जात नाही?” बाई आपली किती काळजी करते, असं काकांना वाटे.

मग ऐन उकाड्यात बेडरूमच्या एसीने दगा दिला. आतली पेटी इमानाने वारा फेकत होती, पण गरम. बाहेर गॅलरीतली पेटी नुसतीच हुंकारत होती, तिचा पंखा जागचा हलत नव्हता. काकूंनी चार दिवस कळ काढली. पाचव्या दिवशी सकाळी मैत्रिणीकडे जायला निघताना त्यांनी दारातूनच सांगितलं, “मी संध्याकाळी येते. तोवर खोली थंड झाली नसेल, तर उकाडा संपेपर्यंत मी ताईकडे राहायला जाणार.”

“येताना स्वेटर घेऊन ये,” काका म्हणाले.

दार लागलं तसं त्यांनी फोनवर एका माणसाचा व्हिडिओ तीनदा पाहिला. मेन बंद केलं. पायात रबरी चपला घातल्या. गॅलरीतल्या पेटीचं झाकण काढलं आणि आत बघताच त्यांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. व्हिडिओतल्या माणसाने सांगितला होता तोच, पंख्याला सुरू व्हायला धक्का देणारा कपॅसिटर, पावडरच्या डब्याएवढा, वरून टम्म फुगलेला. बंद केल्यावरही त्यात करंट साठून राहतो म्हणे, तर काकांनी होल्डरला वायरी जोडून बल्ब लावला आणि तो करंट काढून टाकला. इथवर त्यांच्यात नाव ठेवायला जागा नव्हती. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याच नंबरचा नवा कपॅसिटरही आला.

जुन्याला तीन वायरी होत्या आणि उन्हाने तिन्ही एकाच मळकट रंगाच्या झाल्या होत्या. पण काका रेकॉर्ड रूममधले. फायलींच्या पाठीवर आद्याक्षरं टाकण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी चिकटपट्टीचे तीन तुकडे कापले, प्रत्येक वायरीला एकेक डकवला आणि डब्यावरच्या खुणा बघून बॉलपेनने सुबक अक्षरात लिहिलं. पंख्याची वायर, म्हणून ‘पं’. दोघांना सामाईक, म्हणजे कॉमनची वायर, म्हणून ‘कॉ’. कॉम्प्रेसरची वायर, म्हणून ‘कॉ’. मग तिन्ही वायरी उपटल्या, जुना डबा केरात टाकला, नवा बसवला आणि चिठ्ठ्या वाचायला चष्मा नाकावर घेतला.

‘पं’ जागेवर गेली. मग काका बराच वेळ दोन ‘कॉ’ हातात धरून उभे राहिले. केरातला डबा काढून पाहिला. तो काय बोलणार? शेवटी त्यांनी जी ‘कॉ’ जास्त भारदस्त दिसली ती कॉम्प्रेसरला दिली आणि मेन चालू केलं. पेटीने एक मोठा हुंकार दिला, पंखा दारुड्यासारखा डुलला आणि बोर्डावरचं बटण खट्कन पडलं. काकांना पुन्हा हात लावायचा धीर होईना. नवी वस्तू जळली, तर ‘पाच मिनिटांचं काम’ म्हणायला तोंड राहणार नव्हतं.

साडेतीन वाजले होते. काकांनी ताईचं घर डोळ्यांपुढे आणलं, आपलं रिकामं घर आणलं आणि रस्त्यापलीकडच्या मेकॅनिकच्या पाटीवरचा नंबर बघून गुपचूप फोन लावला. इमारतीचं नाव सांगताच पलीकडून आवाज आला, “तिसरा मजला, डावीकडचं दार ना? आलोच.” आपली ख्याती पाटीवाल्यापर्यंत पोचली आहे हे बघून त्यातही काकांना जरा बरं वाटलं.

मेकॅनिक आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, हातात पिशवी. आत आला तो थेट चपलांच्या कपाटाकडे गेला, त्याचं दुसरं दार उघडलं आणि आतलं मेन पाडलं. त्या कपाटात मेन बोर्ड आहे हे काकांच्या सख्ख्या भावाला माहीत नव्हतं. मग त्याने वॉशिंग मशीनमागचं स्टूल ओढलं आणि गॅलरीत नेलं.

“काका, आज घरी कसे?” बल्ब लावून करंट काढता काढता त्याने विचारलं. “कचेरीला सुट्टी?”

“रिटायर झालो. आठ महिने झाले.”

“तरीच! म्हटलं, काकूंचा फोन कसा नाही इतक्यात.” त्याने दोन ‘कॉ’ पाहिल्या, खदाखदा हसला, वायरी मूळ कुठून निघाल्यात ते पेटीत शोधलं आणि दोघींची अदलाबदल केली. तेवढंच काम होतं.

काका स्टुलाचा पाय धरून उभे होते. “बेल कुणी केली होती?” त्यांनी विचारलं.

“मीच की.”

“गिझर?”

“तीनदा. वॉशिंग मशीन पाचदा. आतून नवी वायर घालायची आणि वरून तुमची टेप होती तश्शी गुंडाळायची, अशी काकूंची सक्त ताकीद. कामापेक्षा त्या टेपेलाच वेळ लागायचा बघा. बावीस वर्षं झाली, एकदाही त्यांनी मला कचेरी सुटायच्या वेळी थांबू दिलं नाही.” त्याला वाटलं होतं, काकांना सगळं ठाऊक आहे. काकांचा चेहरा बघून त्याला उलगडा झाला आणि त्याने घाईने झाकण लावलं. “मी आलो होतो हे काकूंना सांगू नका,” तो जाताना पुटपुटला. “माझ्यावर चिडतील.”

खोली गारेगार झाली आणि काका त्यात घामाघूम बसून राहिले. आधी त्यांना संताप आला. मग लाज वाटली, आणि ती संतापापेक्षा वाईट होती. बावीस वर्षं पाहुण्यांना दाखवलेली टेप त्यांना एकेक करून आठवत गेली. गप्प बसणं सोपं होतं. काकू आल्यावर फक्त “केलंय” म्हणायचं, की मान पुन्हा ताठ. ते वाक्य त्यांनी दोनदा मनात म्हणूनही पाहिलं.

साडेपाचला काकू आल्या. बेडरूमच्या दारात थबकल्या, हात वर करून गार वारा घेतला. “अगंबाई! झालं?”

“मी नाही केलं,” काका म्हणाले. “मेकॅनिकने केलं.”

“कुठल्या मेकॅनिकने?”

“तुझ्याच.”

काकू पर्स मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसल्या. दोघं वाऱ्याकडे तोंड करून बसली.

“हसत असशील मला इतकी वर्षं,” काका म्हणाले.

“हसले. खोटं कशाला बोलू?” काकू म्हणाल्या. “कधी कधी तो गेल्यावर स्वयंपाकघरात एकटीच हसायचे. पण तुम्ही कचेरीतून यायचात ते तोंड एवढंसं करून. रात्री झोपेपर्यंत एक शब्द नाही. ज्या दिवशी काही दुरुस्त केलंत, त्या दिवशी मात्र दोनदा वाढून घ्यायचात आणि मला अख्खी हकिकत सांगायचात, कुठला स्क्रू कसा सुटत नव्हता ते. मला ते ऐकायला आवडायचं. उगाच कशाला मोडायचं ते?”

काका चष्मा पुसता पुसता खेकसले, “म्हणजे या घरात माझ्या हातचं एक काही नाही!”

“असं कसं? आहे की,” काकू म्हणाल्या. “इस्त्री. तिचं तुम्ही जे काही केलंत ना, त्याला मी कुणाला हात लावू दिला नाही. तुमचीच आहे ती, आतून-बाहेरून.”

काका सावरून बसले. “चालते ना?”

“चालते कसली! नऊ वर्षं कपडे बाहेर देतेय इस्त्रीला. पण टाकवत नाही मला.”