माझे डोळे आईवर गेलेत

मला काचबिंदू झालाय हे दादाला कळलं, त्याच संध्याकाळी त्याने मला तो बरा करायचे उपाय सांगायला सुरुवात केली. त्याआधी डोळ्यांच्या कन्सल्टंटने मला स्वच्छ सांगितलं होतं की हा बरा होत नाही. डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस हळूहळू मरते, दुखत-खुपत काही नाही. कडेचं दिसायचं बंद होतं आणि मेंदू ती भोकं आपल्या मनाने बुजवून टाकतो, म्हणून माणसाला काही गेलंय याचा पत्ताच लागत नाही. गेलेलं परत मिळत नाही. राहिलेलं टिकवायला रोज थेंब घालायचे, जन्मभर. माझ्या डाव्या डोळ्याची खालची बाजू गेली होती, उजवा अजून शाबूत होता. इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलच्या एका ऑफिसात मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. नोकरी, गाडी, वाचन, सगळं त्या एका उजव्या डोळ्यावर उभं होतं.

हा आजार बाबांकडून आला. नागपूरला बाबांना कमी दिसायला लागलं तेव्हा घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की मोतीबिंदू आहे. सगळ्यांनी म्हणजे दादाने. घरात शिकलेला तोच, त्याचा शब्द अखेरचा. मोतीबिंदू पिकू द्यावा लागतो, कच्चा काढला तर डोळा बिघडतो, असं तेव्हा जो तो म्हणायचा. "घाई कशाला, पिकू दे, बघू," दादा म्हणाला. मग आम्ही आंबा आढीत घातल्यासारखी वाट बघत बसलो. बाबा उंबऱ्याला अडखळायचे, पाण्याचा तांब्या लवंडायचे, आणि आम्ही म्हणायचो, पिकत आला. शेवटी नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू नव्हताच, काचबिंदू होता, आता दोन्ही नसा सुकल्या. बाबा पुढे बरीच वर्षं जगले, अंधारात. दादा त्यावर एक अक्षर बोलला नाही. त्या निदानानंतर थोड्या दिवसांनी तो इंग्लंडला आला.

आता तो लंडनला, ईलिंगमध्ये राहतो, बँकेतून निवृत्त झालाय आणि समाजात त्याला मान आहे. आम्ही बौद्ध. आमच्या घरात नवस नाही, उपास नाही, गंडादोरा नाही, आणि याचा मला अभिमान आहे. पण त्यामुळे झालं असं की दादाचा प्रत्येक सल्ला विज्ञानाचा कोट घालून यायचा. दर रविवारी व्हिडिओ कॉल. सकाळी दवात अनवाणी चालायचं, कारण तळपायाच्या नसा थेट डोळ्याला जाऊन मिळतात. गाजराचा रस प्यायचा. त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवायचे. थेंब कमी करत आणायचे, कारण थेंबांची सवय लागते आणि मग डोळा आळशी होतो. "ही अंधश्रद्धा नाहीये हां, यावर रिसर्च झालाय," तो म्हणायचा. कुठे झालाय ते कधी सांगितलं नाही. त्रिफळ्याची पाकिटं पोस्टाने यायची आणि मी ती न फोडता कौन्सिलच्या फूड वेस्टच्या डब्यात टाकायचे. दवाचं म्हणाल तर, माझ्या घरामागचं गवत ऑक्टोबर ते एप्रिल चिखल असतं आणि शेजारच्या कुत्र्याचा त्यावर माझ्यापेक्षा जास्त हक्क आहे.

कन्सल्टंटने आणखी एक सांगितलं होतं. सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यायलाच हवं, चाळिशीनंतर ही तपासणी इथे फुकट होते. मी दादाला सांगितलं. एकदा नाही, अनेकदा. तो हसायचा.

"माझे डोळे आईवर गेलेत," तो म्हणायचा. "मला बघ, या वयात लांबचा चष्मा नाही. तू बाबांवर गेलीस. नाक बघ, रंग बघ, स्वभाव बघ."

नाक, रंग आणि डोळे असे वाटे कोणी घालून दिले होते देव जाणे. देव आमच्यात नाही, तेव्हा दादानेच घालून दिले असणार. आईचा चांगला वाटा त्याच्याकडे, बाबांचं आजारपण माझ्याकडे.

एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम झाला. एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. वंदना झाली, मुलांची भाषणं झाली, मग दादा वैज्ञानिक दृष्टिकोनावर बोलला. तो चांगला बोलतो, लोक मन लावून ऐकतात. मी दुसऱ्या रांगेत होते. भाषण संपवून तो स्टेजवरून उतरला आणि शेवटची पायरी त्याला सापडली नाही. पाय हवेत गेला, कोणीतरी दंड धरला, लोक हसले, तोही हसला. पण मी त्या पायाकडे बघत राहिले. बाबांचा पाय उंबऱ्यावर अगदी असाच जायचा. नंतर चहाच्या टेबलावर डाव्या हाताला ठेवलेला कप त्याने लवंडला आणि कप तिथे ठेवणाऱ्यावर चिडला. एखादा माणूस बाजूने आला की तो पूर्ण मान फिरवून बघत होता.

मला काळजी वाटायला हवी होती. मला वाटला तो आनंद. अगदी स्पष्ट, गोड आनंद.

दुपारी त्याच्या घरी जेवायला बसलो. दादा, वहिनी, त्यांची मुलगी, त्याचे कार्यकर्ते मित्र आणि मी. वहिनींनी वरण-भात आणि वांग्याची भाजी केली होती. जेवता जेवता मी पर्समधून बाटली काढून थेंब घातले, वेळ झाली होती म्हणून. दादाने मित्रांकडे बघितलं.

"बघा, हे असं जेवणाच्या ताटावर. किती वेळा सांगितलं, हे केमिकल बंद कर. मुळात हिचा स्वभावच प्रेशरचा. लहानपणापासून नाकावर राग. मग डोळ्यात प्रेशर येणार नाही तर काय होणार?"

सगळे हसले. त्यातला एक, मला पहिल्यांदाच भेटणारा, म्हणाला की मेडिटेशन करत जा. वहिनी खाली बघून भात वाढत राहिल्या.

"दादा," मी म्हणाले, "तुझे डोळे आईवर गेलेत ना? मग एक गंमत करू. उजवा डोळा हाताने झाक."

"कशाला?"

"झाक तर. रिसर्च आहे."

त्याने हसत हसत उजवा डोळा झाकला. मी समोरची खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. "माझ्या नाकाकडे बघ. नजर हलवायची नाही. बाजूने बोट आणते. हलताना दिसलं की सांग."

मी उजवा हात बाजूला धरला आणि बोट हलवत हळूहळू आत आणायला लागले. ही तपासणी माझ्यावर इतक्यांदा झाली आहे की ती करता येण्यासाठी डॉक्टर व्हावं लागत नाही. बोट माझ्या कानाच्या रेषेत आलं. मग गालापाशी आलं. टेबलावरचं हसणं थांबलं. मी बोट जोरजोराने हलवत होते, माशी हाकलल्यासारखं.

"आण ना बोट," दादा म्हणाला. "कधी सुरू करणार?"

त्याची मुलगी इथेच जन्मलेली, तिचं मराठी जेमतेम. ती हळूच म्हणाली, "डॅड, बोट कधीचा हलतोय."

दादाने डोळ्यावरचा हात काढला. माझं बोट माझ्या नाकाला जवळजवळ टेकलं होतं. त्याने बोटाकडे बघितलं, मग मित्रांकडे. मी उठून माझ्या जागेवर गेले आणि राहिलेला भात कालवला. मला भूक लागली होती आणि भात चांगला झाला होता. हे मी त्याला स्वयंपाकघरात, एकट्याला, हलक्या आवाजात सांगू शकले असते. मला ते चारचौघांत सांगायचं होतं, त्याने मला सांगितलं होतं तसं.

पुढचं भराभर झालं. मुलगी त्याला ऑप्टिशियनकडे घेऊन गेली, तिथून हॉस्पिटल. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजवा निम्मा. थेंब लिहून दिले, आजपासून सुरू करा, एकही दिवस चुकवू नका म्हणाले. हे सगळं मला वहिनींनी कळवलं.

मग दादाचा फोन आला. रविवार नव्हता आणि व्हिडिओही नव्हता.

"मग आता काय करायचं गं?" त्याने विचारलं. या आवाजात तो माझ्याशी आयुष्यात कधी बोलला नव्हता.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. थेंब कसा घालायचा, घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दाबून कसा धरायचा, जळजळलं तरी घाबरायचं नाही. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं.

"दवात चाल," मी म्हणाले. "अनवाणी. तळपायाच्या नसा थेट डोळ्याला जाऊन मिळतात. गाजराचा रस घे. आणि थेंबांचं जपून, सवय लागते."

तो "बरं" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांचं देणं एका वाक्यात फिटल्यासारखं वाटलं. त्यानंतर मी त्याला फोन केला नाही. त्याला टोमणा लागला असेल, आता बसेल थोडे दिवस धुमसत, असं मी धरून चालले होते.

मे महिन्यात वहिनींचा एक व्हिडिओ आला. ईलिंगच्या घरामागची छोटी बाग, सकाळची वेळ. दादा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओल्या गवतात चालत होता. डावा हात कुंपणाच्या फळ्यांवरून घासत नेत होता. वळताना कुंडीला त्याचा पाय लागला, त्याने ती चाचपली आणि तो पुढे गेला. आधी मला वाटलं, हा माझी खोडी काढतोय. मी हसले. मग वहिनींना फोन लावला.

"वहिनी, थेंब घालतोय ना तो?"

"नाही गं. बाटली फ्रिजमध्ये आहे, सीलसुद्धा फोडलं नाही. मी भांडले, मुलगी भांडली. म्हणतात, आधी हे करून बघू."

"अहो, मी ते चिडून बोलले होते. चेष्टा होती ती. फोन द्या त्याला."

त्यांनी बागेत नेऊन फोन त्याच्या हातात दिला.

"दादा, डोकं फिरलंय का तुझं? मी टोमणा मारला होता. आजच्या आज थेंब सुरू कर. बाबांचं काय झालं विसरलास?"

"नाही विसरलो," तो म्हणाला. त्याला थोडी धाप लागली होती. "तेव्हा मी कोणाचं ऐकलं नाही, माझ्या मनाचं केलं. म्हणून या वेळी तू सांगितलंस तेच करतोय. तू भोगतेयस, तुला कळतं."

मी पुन्हा सांगितलं, की ते सगळं खोटं होतं, त्याचीच वाक्यं मी त्याला परत दिली होती.

"फरक पडतोय पण," तो म्हणाला. "घाई कशाला, बघू."

त्याने फोन वहिनींच्या हातात दिला आणि तो परत गवतात चालायला लागला.