खारं पाणी आणि थप्पड

मुलांनो, हिंसक आणि अहिंसक गुन्ह्यांत फरक काय, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. मला सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

पेणच्या कोर्टाबाहेर अर्ज टाइप करून देणारे एक गृहस्थ बसतात. दोन बोटांनी टाइप करतात आणि प्रत्येकाला आधी विचारतात, "अंगाला हात लावला का?"

मागे ते माझा अर्ज टाइप करत असताना खारेपाटातली, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांच्या भागातली, एक बाई आली. शेजाऱ्याने बांधाच्या उघाडीची, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या दाराची, फळी काढून ते खारं पाणी तिच्या भातात सोडलं होतं. तिने रागाने त्याच्या थोबाडीत दिली होती.

"मग मारहाण तू केलीस, गो. त्यानं नुकसान केलं," ते म्हणाले.

"माझं शेत तीन वर्षं पिकायचं नाय, आणि मारकुटी मी?"

"कायद्यात तसंच हाय."

"मग थप्पड लिहू नका."

"खोटं टाइप करत नाय मी."

तिने पिशवीत शेतातली माती आणली होती. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि बराच वेळ थुंकले नाहीत. मग पाणी आधी लिहिलं, थप्पड नंतर.

यात हिंसा कुणाची, मला अजून ठरवता येत नाही. त्या शेतात भात नाही. शेजाऱ्याने तिच्यावर केलेली मारहाणीची केस मात्र अजून चालू आहे.